दोर चाकावर राहावा म्हणून

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी शिरूर तालुक्यातला. घोडनदीपासून चार-पाच कोसांवर आमचं कोरडवाहू गाव. मळ्यात एक विहीर आणि विहिरीवर मोट. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. विहिरीच्या काठावर उंच बसवलेलं लाकडी चाक. त्या चाकावरून जाड दोर खाली गेलेला, त्याला नाडा म्हणत. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर, तो सोंदूर. बैल धावेवरून उतरू लागले की भरलेली मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. बैल मागं सरले की मोट पुन्हा खाली. दिवसभर हेच.

कधी कधी नाडा चाकावरून उतरायचा. चाक आणि खुंटाच्या मध्ये जाऊन अडकायचा. आजोबांनी आम्हा सगळ्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. नाडा उतरला की आधी बैल थांबवायचे, मोटेतलं पाणी सोडून द्यायचं, नाडा सैल झाला की मगच त्याला हात लावायचा. पाणी वाया गेलं तरी चालेल, म्हणायचे.

एका उन्हाळ्यात धाकट्या चुलत्यांच्या हातून हा नियम मोडला. पाळीचं पाणी होतं, उसाला द्यायची घाई होती. मोट अर्ध्यावर लटकलेली, बैल उभे. त्यांनी हातानंच नाडा वर ढकलायला घेतला. बैलाला माशी चावली की काय कोण जाणे, तो एक पाऊल पुढं गेला. चुलत्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं आयुष्यभर पंगतीत ते अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी घास उचलायचे. आम्ही मुलं पाहत असू, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे.

पुढं मी कारखान्यात नोकरीला लागलो. क्रेन, लिफ्ट, तारेचे दोर यांच्या देखभालीत तीस-बत्तीस वर्षं गेली. दोर बदलला, सुताचा होता तो पोलादाचा झाला. बैलांच्या जागी मोटार आली. पण दोर चाकावरून का उतरतो आणि उतरला तर काय करायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं मला विहिरीवर मिळाली होती तीच पुन्हा मिळाली. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

रांगेतला प्रश्न

निमित्त असं झालं. आमच्या भागातली ज्येष्ठ मंडळी मिनीबस करून एका गडावर निघाली होती. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दम लागतो, म्हणून रोपवेनं जायचं ठरलं. पायथ्याशी पोचलो तर रोपवे बंद. वर वारा फार आहे, थोडं थांबा, असं सांगितलं. रांगेत तीनशे-चारशे माणसं. अर्ध्या तासानं कुरकुर सुरू झाली, पाऊण तासानं आरडाओरडा. आमच्यातलेच एक गृहस्थ खिडकीपाशी जाऊन, "एवढ्याशा वाऱ्याला काय होतंय? करा चालू!" म्हणून दटावू लागले.

त्या गडबडीत शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही यातले. हा दोर त्या चाकावरून कधी उतरत नाही का हो?"

मी म्हटलं, "काकू, उतरू शकतो. तो उतरू नये म्हणूनच हे लोक थांबलेत."

काकूंचा प्रश्न आता आपल्या सगळ्यांचा आहे. रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. हिरकणीवाडीतून निघायचं आणि पायऱ्यांची चढण वाचवून काही मिनिटांत गडावर पोचायचं, याची आपल्याला आता सवय झाली आहे. वणीला सप्तशृंगीच्या गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ती रुळांवरून चालते, पण तिलाही ओढतो दोरच. केंद्र सरकारनं २०२२-२३च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला योजना जाहीर केली आणि तेव्हापासून राज्यातल्या अनेक देवस्थानांच्या आणि किल्ल्यांच्या रोपवेची चर्चा आहे. आमच्या शिरूर-दौंडकडे रोपवे नाही, कारण तसा डोंगर नाही. पण रोपवेत बसणारी माणसं आमच्याकडचीच आहेत. नवरात्रात वणीला, सहा जूनला रायगडाला आमच्या गावागावांतून गाड्या निघतात. तेव्हा ज्या दोरावर आपण आपली आई, आपला नातू सोपवतो, त्याची थोडी ओळख असलेली बरी.

सायकलची चेन का पडते?

रोपवेचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात एकच दोर असतो. तोच डबे पेलतो आणि तोच ओढतो. दोन टोकांना दोन मोठी आडवी चाकं, त्यांच्याभोवती दोर अखंड फिरत राहतो. मध्ये मनोरे, मनोऱ्यांवर लहान चाकांच्या ओळी, त्यांवरून दोर सरकतो. दुसऱ्या प्रकारात दोन निरनिराळे दोर. एक जाड, जागेवर ताणून बसवलेला. डबा आपल्या चाकांनी त्याच्यावरून चालतो, जशी रेल्वेची ट्रॉली रुळावरून चालते. हा वाहक दोर. दुसरा बारीक दोर डब्याला वर-खाली ओढतो, तो ओढदोर. पहिल्या प्रकारात दोर चाकावरून उतरण्याची भीती, दुसऱ्यात त्याखेरीज डब्याची चाकं दोरावरून उतरण्याची.

आता उतरण्याची कारणं. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही. सायकलची चेन पडते तेव्हा काय झालेलं असतं, ते आठवा. एक तर चेन सैल झालेली असते. नाही तर मागचं चाक तिरकं बसलेलं असतं. किंवा दाते झिजलेले असतात. किंवा चेन ठीक असूनही आपण खड्ड्यात जोरात आदळतो, नाहीतर एकदम उलटा पायंडल मारतो. ताण, सरळपणा, झीज आणि धक्का. पिठाच्या गिरणीचा पट्टा उतरतो तोही याच चारांपैकी कशानं तरी. रोपवेत त्यात पाचव्याची भर पडते, ती म्हणजे वारा.

ताणापासून सुरुवात करू. दोर चाकावर राहतो तो स्वतःच्या आणि डब्यांच्या वजनानं चाकावर दाबला जातो म्हणून. हा दाब प्रत्येक चाकावर, प्रत्येक स्थितीत, डबे भरलेले असोत की रिकामे, पुरेसा राहिला पाहिजे. दोर उन्हात लांबतो, थंडीत आखडतो, माणसं चढली-उतरली की त्याचा झोळ बदलतो. म्हणून एका टोकाचं मोठं चाक सरकतं ठेवलेलं असतं आणि त्याला मागं वजनाचा ठोकळा टांगलेला असतो. नव्या रोपवेत तेच काम तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक सिलिंडर करतो. ठोकळा खड्ड्यात टांगलेला असेल तर पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचू देऊन चालत नाही. ठोकळा पाण्यात बुडाला की हलका होतो आणि दोर सैल पडतो. तळाला गाळ साचला आणि ठोकळा त्यावर टेकला, तर ताण जवळजवळ जातोच. इतक्या मोठ्या यंत्राची सुरक्षितता कधी कधी खड्ड्यातला गाळ वेळेवर काढण्यावर अवलंबून असते.

यात एक गंमत आहे. दोर नेहमीच चाकाच्या वरून जातो असं नाही. धोतर वाळत घालायची दोरी दोन खांबांना बांधा. तिच्या मध्याखाली, खोलगट जागी, तिसरा खांब आणा आणि दोरी ओढून त्याला बांधा. दोरी वर उचलली जायला बघते. डोंगराच्या खोलगट उतारावर रोपवेचं तसंच होतं. तिथं चाकं दोराच्या वर बसवून त्याला खाली दाबून धरावं लागतं. अशा जागी ताण वाढला आणि डबे रिकामे असले तर दोराची वर उचलली जाण्याची ओढ वाढते. म्हणून आखणी करतानाच प्रत्येक मनोऱ्यावर कमीत कमी किती दाब राहील याचा हिशेब करतात. तो हिशेब चुकला तर पुढं कितीही देखभाल करा, तो मनोरा कायम त्रास देतो.

दुसरी गोष्ट सरळपणा. मनोऱ्यावरची सगळी चाकं एका रेषेत हवीत आणि ती रेषा दोराच्या रेषेशी जुळायला हवी. चाकांच्या खाचेत रबराचं अस्तर असतं. ते अस्तर म्हणजे देखभाल करणाऱ्याची वही आहे. झीज खाचेच्या मधोमध असेल तर ठीक. एका बाजूची कड जास्त खाल्ली गेली असेल तर दोर तिकडं ओढला जातो आहे, म्हणजे मनोरा किंवा चाकांची ओळ हलली आहे. एखादं बेअरिंग धरलं आणि चाक फिरेनासं झालं, तर दोर त्याच्यावरून घासत जातो, रबर कापतो आणि एक दिवस लोखंडावर येतो. हे खालून दिसत नाही. कुणीतरी कमरेला पट्टा बांधून मनोऱ्यावर चढावं लागतं, चाक हातानं फिरवून पाहावं लागतं, आवाज ऐकावा लागतो.

धक्क्याचं म्हणाल, तर रोपवे एकदम सुरू करणं आणि एकदम थांबवणं दोन्ही वाईट. दोरात लाट जाते. आपण अंगणात दोरीला झटका दिला की लाट पलीकडच्या टोकापर्यंत जाते, तसंच. ती लाट मनोऱ्यावर पोचली की क्षणभर दोर उचलला जातो. म्हणून गती हळूहळू वाढवणं आणि ब्रेक पायरीपायरीनं लागणं याची यंत्रात सोय असते.

राहिला वारा. वारा दोराला बाजूनं ढकलतो आणि डब्याला झुलवतो. झुलता डबा मनोऱ्यापाशी आला की त्याची पकड चाकांवर तिरकी चढते. यासाठी उंच मनोऱ्यांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं असतात. खाली पायथ्याशी पानही हलत नसतं आणि वर कड्याच्या धारेवर वारा घोंघावत असतो. रांगेतल्या आमच्या गृहस्थांना हेच दिसत नव्हतं. कॅलिफोर्नियात स्क्वॉ व्हॅली इथं १५ एप्रिल १९७८ रोजी वादळी वाऱ्यात एक मोठा डबा एका वाहक दोरावरून निसटला, खाली आला, पुन्हा उसळला आणि दोर डब्याचं छत कापत आत घुसला. चार माणसं गेली. आपल्याकडे गुलमर्गला २५ जून २०१७ रोजी सोसाट्याच्या वाऱ्यानं झाड उन्मळून दोरावर पडलं आणि सातजण दगावले. म्हणून रोपवेच्या वाटेतली वाकलेली झाडं तोडणं हेही देखभालीतच येतं.

पडणाऱ्याला झेलणारे हात

एवढं करूनही दोर उतरला तर? यंत्र बांधणारा शहाणा माणूस हे गृहीत धरूनच चालतो. चाकांच्या बाजूला लोखंडी पंजे बसवलेले असतात. दोर चाकावरून उतरला तर तो जमिनीवर न पडता या पंजात पडावा, अशी योजना. त्याच्याजवळ एक लहानसा, मुद्दाम ठिसूळ केलेला दांडा असतो, त्यातून विजेची तार गेलेली. उतरता दोर त्या दांड्यावर आपटतो, दांडा मोडतो, वीज तुटते आणि सगळा रोपवे आपोआप थांबतो. नव्या रोपवेत दोर जागेवर आहे की नाही हे सतत पाहणारे संवेदक असतात. दोर कडेला सरकू लागला की ते आधी गती कमी करतात, मग थांबवतात.

या लहानशा दांड्याचं मला फार कौतुक वाटतं. त्याचं काम एकच, मोडणं. आणि मोडून सांगणं की बैल थांबवा.

घोळ होतो तो इथंच. असा दांडा, असा संवेदक, कधी कधी काही झालेलं नसतानाही रोपवे थांबवतो. ओलाव्यानं जोड बिघडतो, तार हलते. दिवसात तीन वेळा असं झालं, खाली रांग वाढली, वरून साहेबांचा फोन आला की चालवणाऱ्याला मोह होतो. हा एक जोड तात्पुरता बायपास करू, रात्री बघू. आमच्या कारखान्यातही क्रेनच्या लिमिट स्विचला तारेचा तुकडा अडकवून काम चालवणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. एकदा त्यांच्याशी माझं कडाक्याचं भांडणही झालं. काम दोन तास बंद राहिलं म्हणून बोलणी मी खाल्ली.

इटलीत कावालेझे इथं ९ मार्च १९७६ रोजी रोपवेचे दोन दोर एकमेकांवर चढले आणि एकानं दुसऱ्याला कापलं. डबा कोसळला, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. अपघात टाळू शकणारी स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा तेव्हा बंद केलेली होती. पंचेचाळीस वर्षांनी, २३ मे २०२१ रोजी, त्याच देशात मोत्तारोने डोंगरावर ओढदोर तुटला. ओढदोर तुटला तर डब्याचा आपत्कालीन ब्रेक वाहक दोराला घट्ट पकडतो, त्यासाठीच तो असतो. पण तो ब्रेक वारंवार विनाकारण लागतो म्हणून त्यात लोखंडी चिमटे अडकवून तो उघडा ठेवलेला होता. डब्यात पंधरा जण होते. चौदा गेले, पाच वर्षांचा एक मुलगा वाचला. त्या चिमट्यांत आणि आमच्या कारखान्यातल्या तारेच्या तुकड्यात मला फरक करता येत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर देवघरजवळच्या त्रिकुट पर्वताचं. १० एप्रिल २०२२, रामनवमीचा दिवस, गर्दीचा. वरच्या टोकाच्या चाकाचा दांडा तुटला, दोराचा ताण गेला, डबे एकमेकांवर आदळले आणि माणसं अधांतरी लटकली. हवाई दलाची हेलिकॉप्टरं, लष्कर, आपत्ती दलाचे जवान, गावातले लोक चाळीस तासांहून जास्त वेळ झटत होते. तीन जण दगावले, त्यातले दोघे सुटकेच्या प्रयत्नात. त्यापूर्वी १९९२ साली हिमाचलमधल्या परवाणूला अशीच माणसं लटकली होती आणि लष्कराच्या मेजर क्रास्टो यांनी दोरावरून उतरून त्यांना सोडवलं होतं. अशा सुटकेच्या कथा आपण अभिमानानं सांगतो, सांगाव्यातच. पण जिथं रोपवे आहे तिथं डब्यातून माणसं खाली उतरवण्याचा सराव वर्षातून ठरावीक वेळा झालाच पाहिजे, म्हणजे हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागणार नाही.

कीमनची फेरी

माझी सासुरवाडी दौंडची. दौंड म्हणजे जंक्शन, घरटी एक माणूस रेल्वेत. माझे सासरे रुळांच्या देखभालीत होते. ते मला कीमनविषयी सांगायचे. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून तो आपल्या वाट्याचे रूळ चालत जायचा. सैल किल्ली ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी. गाडीतल्या माणसाला त्याचं नाव कधीच कळत नाही. सासरे म्हणायचे, "जावईबापू, गाडी इंजिनावर चालते हे खरं, पण पोचते ती कीमनमुळं."

रोपवेलाही कीमन लागतो. सकाळी माणसं बसवण्यापूर्वी रिकामा फेरा मारायचा. दोराची ठरावीक मुदतीनं तपासणी करायची. पोलादाचा दोर हा अनेक तारांचा पीळ आहे. १८३४ साली जर्मनीतल्या हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्यानं तो पहिल्यांदा वापरात आणला, कारण खाणीतल्या साखळ्या एक कडी तुटली की अचानक जात. दोर तसा जात नाही. त्याची एक तार तुटते, मग दुसरी, मग तिसरी. तो आधी सांगतो, ऐकणारा हवा. अमेरिकेत वेल इथं २६ मार्च १९७६ रोजी वाहक दोराच्या बाहेरच्या तारा सुटून उलगडल्या, डब्यांची चाकं त्यात अडकली, दोन डबे पडले आणि चार माणसं गेली. म्हणून ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या ते मोजतात, जाडी किती घटली ते मोजतात. आतल्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी दोराभोवती चुंबकाचं कडं बसवून सगळा दोर त्यातून फिरवतात. आत कुठं तार तुटली असेल तर नोंदीत तिथं उंचवटा उमटतो.

सांध्याचंही तसंच. अखंड फिरणाऱ्या दोराची दोन टोकं गाठ मारून जोडत नाहीत, ती एकमेकांत गुंफतात. गुंफणीची लांबी दोराच्या जाडीच्या बाराशे पट धरतात. म्हणजे चाळीस मिलिमीटर जाडीचा दोर असेल तर सांधा अठ्ठेचाळीस मीटरचा! तो इतका सावकाश गुंफलेला असतो की चाकावरून जाताना गुठळी लागत नाही. सांधा फुगला तर चाकाला धक्का बसतो, आणि धक्का हे उतरण्याचं कारण आपण पाहिलंच. डब्याची पकड दोराला कायमची एकाच जागी चिमटत राहू नये म्हणून तीही मुदतीनं सरकवतात.

३ सप्टेंबर २०२५ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरातली ग्लोरिया ही जुनी फ्युनिक्युलर कोसळली आणि सोळा जण गेले. दोर डब्याला जिथं जोडलेला होता तिथंच सुटला. त्याच दिवशी सकाळी तपासणी झाली होती आणि काही वावगं दिसलं नव्हतं, कारण तो जोड उघडल्याशिवाय दिसतच नाही. पुढं चौकशीत असंही निघालं, की तो दोर माणसं वाहण्यासाठी प्रमाणित केलेल्या प्रतीचा नव्हता. तपासणीच्या वहीत सही होती. पण सही दिसणाऱ्या भागाची होती. आपल्याकडे त्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला, गुजरातेत पावागडावर सामान नेणाऱ्या रोपवेचा दोर तुटून सहा जण मेले. माल वाहणारा रोपवे आणि माणसं वाहणारा रोपवे यांत फरक असतो, मालाच्या रोपवेवर माणसानं बसू नये, हा साधा नियमही आपण पुन्हा पुन्हा विसरतो.

आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं यंत्रवाल्यांचं काम. आम्ही तिकीट काढून बसणारी माणसं, आम्ही काय करणार?

बरंच काही करू शकतो. डब्यात ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त बसू नये, मूल मांडीवर असलं तरी. डबा हलवू नये. फोटोसाठी एका बाजूला गर्दी करू नये. मध्येच थांबला तर दार उघडायचा प्रयत्न करू नये. परवाणूला १९९२ साली जो एक मृत्यू झाला, तो डब्यातून उडी मारल्यामुळं. थांबलेला डबा बहुतेक वेळा सुरक्षित डबा असतो. यंत्रानं काहीतरी ओळखलेलं असतं आणि ते थांबलेलं असतं.

रोपवे बंद का, असं विचारायला हरकत नाही, विचारावंच. पण उत्तर वारा किंवा तपासणी असं मिळालं तर मुकाट्यानं थांबावं, नाहीतर पायऱ्या धराव्यात. ज्या गावात नवा रोपवे होणार आहे तिथल्या ग्रामस्थांनी उद्घाटन कुणाच्या हस्ते हे विचारण्याआधी, देखभालीसाठी दर आठवड्याला रोपवे किती वेळ बंद ठेवणार, हे विचारावं. दोराची चाचणी कोण करणार, ती किती महिन्यांनी, आणि तिचा निकाल फलकावर लावणार का, हे विचारावं. आपल्याकडे एसटीच्या गाडीत क्रमांक लिहिलेला असतो, लिफ्टमध्ये तपासणीचा कागद लावलेला असतो. रोपवेच्या खिडकीवर तिकिटाच्या दराशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख का नसावी?

त्या दिवशी गडाच्या पायथ्याशी आम्ही सव्वा तास थांबलो. खिडकीतला मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. लोक त्याला वाटेल ते बोलत होते. तो प्रत्येकाला तेच सांगत होता, "वर वारा आहे काका, कमी झाला की लगेच सोडतो." त्याचा आवाज चढला नाही आणि त्यानं बटणही दाबलं नाही. मग वारा पडला. त्यानं एक रिकामा फेरा मारून घेतला आणि आम्हाला बोलावलं. बसताना मी त्याला म्हटलं, "बरं केलंस बाळा, थांबवलंस ते." तो हसला. म्हणाला, "काका, आज असं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

वर जाताना काकू माझ्यासमोर बसल्या होत्या, डोळे मिटून, हातात बसायची दांडी घट्ट धरून. मला माझ्या चुलत्यांचा हात आठवत होता. त्या दिवशी विहिरीवर कुणीतरी त्यांना म्हणायला हवं होतं, असू दे, ऊस थांबेल, आधी बैल थांबवा. आम्ही सगळे तिथंच होतो. आम्हालाही घाईच होती.